गुरुवारची केस

बायकोच्या पीएच.डी.ला माझा उपयोग झाला तो एकूण दोन रविवार. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रशिक्षणात खऱ्या पेशंटसमोर बसण्याआधी चाचण्या घेण्याचा सराव धडधाकट माणसांवर करावा लागतो, आणि आमच्या घरात धडधाकट माणसं दोनच होती, मी आणि आई. तिनं पुढच्या खोलीत टेबल मांडलं, स्टॉपवॉच ठेवलं, मला समोर बसवलं आणि परक्या आवाजात म्हणाली, "मी काही आकडे सांगेन. ते तुम्ही उलट्या क्रमानं म्हणायचे." लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण इतकं लक्ष देऊन तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मी काय बोलतो, किती वेळानं बोलतो, अडलो की हात कुठे जातो, सगळं टिपून घेत होती. मला ते फार आवडलं. पाच आकड्यांपर्यंत मी पोचलो, सहाला गडबडलो, आणि मुद्दाम पुन्हा एकदा गडबडलो, म्हणजे तिला आणखी थोडं लिहावं लागेल.

आई सातपर्यंत गेली. आई चौथी शिकलेली, पण निम्म्या भावकीचे मोबाईल नंबर तिला तोंडपाठ. "उलटं म्हनायचं व्हय? मग त्यात काय," असं म्हणून तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. बायकोनं पेन खाली ठेवलं आणि कौतुकानं तिच्याकडे बघत राहिली. माझ्या पोटात दुखलं. सख्ख्या आईवर जळणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पुढच्या रविवारी चाचण्या संपल्या. मी विचारलं, माझं काय निघालं? ती वही मिटत म्हणाली, "नॉर्मल." मी खूश झालो. नॉर्मल निघाला की त्या माणसाचं काम संपतं, हे मला उशिरा कळलं.

मी काष्टीचा. जनावरांचं बघतो. विताना आडलेल्या गायी सोडवणं, पोट फुगलेली म्हैस मोकळी करणं, लसी, दुधात गाठी आल्या तर ते, असं सगळं. माझ्याकडे डिग्री नाही, दोन वर्षांची पदविका आहे, पण वाड्या-वस्त्यांवर मला सगळे डॉक्टर म्हणतात आणि मी ओ देतो. डिग्रीवाला डॉक्टर श्रीगोंद्यात बसायचा. तरुण, गोरा, गाडीतून यायचा, हातात गाभण तपासायचं छोटं यंत्र. पोट उघडून वासरू काढायची वेळ आली तर त्यालाच बोलवावं लागे, कारण ते काम माझ्या पदविकेत बसत नाही. वर्षाकाठी दोन-तीनदा मी त्याला फोन करायचो आणि दर वेळी तो यायच्या आत गाय माझ्याच हातून सुटावी अशी मनातल्या मनात आशा करायचो. त्याच्या गाडीचा हॉर्न ऐकला तरी माझं तोंड कडू व्हायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

बायको नगरची, मास्तरांची मुलगी. पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आम्ही अजून नगरच म्हणतो. लग्न झालं तेव्हा ती एम.ए. होती. पोरगी पुढे शिकणार, हे तिच्या वडिलांनी बोलणीतच सांगितलं होतं आणि मी मोठ्या मनानं हो म्हणालो होतो. त्या वेळी मोठं मन दाखवायला काही लागत नव्हतं. मग तिला नगरजवळच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. संशोधन एकीकडे, विद्यापीठाच्याच रुग्णालयात पेशंट बघण्याचं प्रशिक्षण दुसरीकडे, दोन्ही बरोबर चालायचं. सकाळी सातची एसटी, संध्याकाळी साडेसहाला परत. विद्यापीठात तिनं माहेरचं आडनाव ठेवलं होतं, कारण सगळी प्रमाणपत्रं त्याच नावावर. त्यात काही वावगं नव्हतं, तरी मला ते खुपायचं.

स्टँडवर चहाला उभं राहिलं की मित्र चिडवायचे. "आता तुझ्या घरात दोन डॉक्टर. पाटीवर कुनाचं नाव वर?" मी त्यांच्याबरोबर हसायचो. घरी येताना मोटरसायकलवर मात्र त्याचाच हिशेब डोक्यात चालायचा. मी डॉक्टर नसून मला डॉक्टर म्हणतात, आणि ती खरी होणार. अजून तीन वर्षांनी.

पण खरा जळफळाट पदवीवरून नव्हता. तो होता तिच्या पेशंटवरून.

एका पेशंटबरोबरचं सगळं बोलणं, त्याची परवानगी घेऊन, तिनं रेकॉर्ड केलं होतं, आणि ते शब्दन् शब्द टाईप करून मॅडमला द्यायचं असे. मॅडम म्हणजे तिच्या गाईड. रोज संध्याकाळी चहा झाला की ती हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसायची. भाजी चिरतानाही एका कानाला ते असायचंच. तो पेशंट पुरुष होता की बाई, हेही मला माहीत नाही. मी त्याला 'तो' धरलं, कारण तसं धरलं की जास्त जळता येतं. एकदा मी चहा घेऊन तिच्या मागे गेलो तर तिनं झटकन झाकण अर्धं मिटलं, पण त्याआधी मला एक ओळ दिसली. कंसात लिहिलं होतं, शांतता, अकरा सेकंद. म्हणजे तो माणूस गप्प बसला तर तेही ही मोजून लिहून ठेवते. मी आठवडा-आठवडा गप्प बसून बघितलं. तिनं विचारलं, "मीठ कमी झालंय का?"

काही विचारलं तर ठरलेलं उत्तर. "अहो, ते सांगता येत नाही." आज काय झालं? "चांगली चर्चा झाली." कुणाविषयी? "अहो." दर गुरुवारी त्यांच्याकडे केस कॉन्फरन्स असायची. कुणीतरी एक विद्यार्थी एका पेशंटची केस मांडणार, नाव न घेता, आणि बाकीचे सगळे, मॅडमसकट, तास-दीड तास त्या एका माणसावर बोलणार. गुरुवारी ती घरी यायची तेव्हा तिचा चेहरा उजळलेला असायचा. आई म्हणायची, "तिला जेवू दे आदी, लई दमून आलीया." ती दमलेली नव्हती. तिचं मन दुसऱ्या कुणाच्या तरी घरात होतं, आणि तिथून परत यायला तिला वेळ लागायचा.

मग फेब्रुवारीत ती गाय मेली.

गावाबाहेरच्या वस्तीवर एक म्हातारी राहते, एकटीच. तिची पहिलटकरीण गाय सकाळपासून आडली होती. मी हात घातला तर वासराचे पुढचे पाय हाताला लागले, डोकं नाही. मान मागे वळलेली. असं वासरू मी आधी काढलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा. साबणाचं पाणी घेतलं, पायाला दोऱ्या बांधल्या, खांद्यापर्यंत हात घालून डोकं पुढे आणायला लागलो. अर्ध्या तासात कळलं की हे येणार नाही. तेव्हाच श्रीगोंद्याला फोन करायला हवा होता. फोन खिशातच होता. मी केला नाही. मला त्या डिग्रीवाल्याचा स्वच्छ शर्ट आठवला, आणि म्हातारीसमोर तो म्हणणार ते वाक्यही आठवलं. "आधी का नाही बोलवलं?" मी आणखी दीड तास ओढत राहिलो. गर्भाशय फाटलं. वासरू आधीच गेलं होतं, गाय दुपारी गेली.

म्हातारी रडली नाही. तिनं चूल पेटवली आणि म्हणाली, "डॉक्टर, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई. तुमी लई केलं. तुमी हुता म्हनून निदान कुनी तरी हुतं." मी तो चहा प्यालो. अंगणात गाय पडलेली, आणि मी कपबशी हातात धरून बसलो होतो. तिनं साखर जास्त घातली होती, पाहुण्याला घालतात तशी.

घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. त्या दिवशी तिला सुट्टी होती. मला तिला सांगायचं होतं. गाय मेली एवढंच नाही, मी फोन का केला नाही ते. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं ते. आईला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, मित्रांना सांगितलं असतं तर धंदा बसला असता. मी दारात उभा राहिलो, कोपरापर्यंत हात धुतलेले, शर्टावर डाग तसेच. ती लॅपटॉपसमोर होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघून हसली आणि एक बोट वर केलं. थांबा, एक मिनिट. हेडफोन कानातच. मी थांबलो. मिनिट झालं, पाच झाली. तिचं बोट खाली आलं आणि टाईप करायला लागलं. मी आंघोळीला गेलो. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणत होता?" मी म्हणालो, काही नाही. तिनं ते खरं मानलं. परक्या माणसाच्या अकरा सेकंदांत तिला इतकं ऐकू येतं आणि माझं 'काही नाही' ती तसंच्या तसं घेते, याचा मला इतका राग आला की त्या आठवड्यात मी तिच्याशी जेवणापुरतंच बोललो. झोप मात्र त्या दिवसापासून गेली.

मार्च संपता संपता औषधांच्या खरेदीसाठी मी नगरला गेलो होतो. काम अकरालाच आटपलं. कसं ते सांगता येणार नाही, पण मोटरसायकल विद्यापीठाच्या रस्त्याला लागली. आत गेल्यावरही मी परत फिरू शकलो असतो. मी ओपीडीच्या खिडकीवर जाऊन केसपेपर काढला. स्वतःच्या खऱ्या नावानं. आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो, हसायचं तर हसा. मला वाटलं, ती दाराशी येईल, हातातल्या कागदावरून माझं नाव पुकारेल, इतरांचं पुकारते तसं, आणि मग वर बघेल. तिला नियमानं मला आत बसवावं लागेल. पुढचं मी काही ठरवलेलं नव्हतं.

नवे पेशंट विद्यार्थ्यांना पाळीनं वाटून देतात. चार दारं होती. तिसऱ्या दारातून मला तिचा आवाज ऐकू आला, शब्द नाहीत, नुसता आवाज. मी बाकावरची माणसं मोजली, पाळी मोजली आणि आपला नंबर तिसऱ्या दाराला लागावा म्हणून पाथर्डीहून आलेल्या एका बाईला माझ्या पुढे सोडलं. तिनं मला भला माणूस समजून आशीर्वाद दिला. पण माझं गणित चुकलं. तिसऱ्या दारातला पेशंट बाहेर आलाच नाही, आणि सिस्टरनं मला चौथ्या दारात पाठवलं.

आत एक पोरसवदा विद्यार्थी होता, कोपरगावकडचा, मिशी नुकतीच धरलेली. बायकोबरोबरच शिकणारा. मी बसलो. भिंतीवरचं घड्याळ माझ्या पाठीमागे होतं, त्याला दिसेल असं, मला नाही. त्यानं नाव, वय, काम विचारलं. जनावरांवर उपचार करतो म्हणालो. बायको काय करते? बी.एड. करते, मी ठोकून दिलं. मग तो म्हणाला, "काय त्रास होतोय?" झोप लागत नाही. "कधीपासून?"

मी म्हणणार होतो, बायको शिकायला लागल्यापासून. तोंडातून निघालं, "गाय मेल्यापासून."

त्यानंतर मी पाऊण तास बोललो. वळलेली मान, दोऱ्या, खिशातला फोन, श्रीगोंद्याचा डॉक्टर, त्याचा स्वच्छ शर्ट, म्हातारीचा गोड चहा, सगळं क्रमानं, एक शब्द न गाळता. दारात उभा राहिलो तेही सांगितलं, वर आलेलं बोट सांगितलं. आणि चहापाशी आल्यावर मी रडलो. बाप गेला तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. तो पोरगा काही म्हणाला नाही, समजूत घातली नाही, घाईनं पाणी दिलं नाही. नुसता तिथे होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही माणसं त्या खोल्यांमध्ये नक्की काय करतात, आणि कळल्याबरोबर मला पुन्हा राग आला. माझी बायको रोज हे दुसऱ्यांना देते.

पुढच्या मंगळवारी मी परत गेलो. मंगळवारी ती लायब्ररीत असते, हे मला माहीत होतं. म्हणजे पहिल्यांदा मी तिच्यासाठी गेलो होतो, दुसऱ्यांदा नाही. हे मला त्या वेळी लक्षात आलं नाही.

त्या दिवशी शेवटी त्यानं विचारलं, "तुमची केस आमच्या गुरुवारच्या कॉन्फरन्समध्ये मांडली तर चालेल का? नाव, गाव काही येणार नाही. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही." मी विचारलं, माझ्यासारख्या नॉर्मल माणसाची केस कशाला? तो म्हणाला, आमच्याकडे मोठे आजार पुष्कळ येतात, पण साधं दुःख घेऊन कुणी येत नाही, ते शिकायचं राहून जातं.

त्यानं संमतीचा फॉर्म पुढे केला; एरवी मी असा फॉर्म चार वेळा वाचला असता. त्यावर मी न वाचता सही केली. माझ्या डोळ्यांसमोर गुरुवारची ती खोली आली. सगळे बसलेत, तीही बसलीय वही उघडून, आणि तास-दीड तास माझ्यावर बोलणं चाललंय. तिला उठता येणार नाही, बोट वर करता येणार नाही, भाजी करपणार नाही. माझं सगळं बोलणं तिच्या कानात जाणार, तिच्या मॅडमच्या देखत, आणि ते तिला मन लावून ऐकावं लागणार. संध्याकाळी ती उजळलेला चेहरा घेऊन घरी येणार आणि या वेळी तो माझ्यामुळे उजळलेला असणार. ती मला ओळखेल का? ओळखावं असं मला वाटत होतं. फक्त शेवटाला ओळखावं, सगळं ऐकून झाल्यावर.

गुरुवार उजाडला. सकाळी मी तिला स्टँडवर सोडलं. दिवसभरात एका शेळीला मी एकच इंजेक्शन दोनदा देणार होतो, मालकानं अडवलं. संध्याकाळी आई शेजारी वाळलेल्या कुरडया उचलायला गेली होती. मी चहा करून ठेवला, आणि साडेसहाला ती आली.

तिनं पर्स खांद्यावरून काढली नाही. चप्पल घालूनच आत आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"अहो, तुम्ही आमच्या ओपीडीला आला होता," ती म्हणाली.

मी म्हणालो, दोनदा.

"आज तुमची केस होती."

"मग?" मी विचारलं. मला हसू आवरत नव्हतं, खरं सांगतो. "ऐकलीस?"

ती खुर्चीवर बसली. मग तिनं जे सांगितलं ते मला स्वप्नातही सुचलं नसतं. त्या पोरानं वाचायला सुरुवात केली. वय अडतीस, विवाहित, जनावरांवर उपचार करतात. तिनं मान वर केली. पत्नी बी.एड. करते. ती पुन्हा वहीत बघायला लागली. पेशंटच्या शब्दांत तक्रार: 'ती घरात असते, पण तिच्या कानात दुसरंच कुणीतरी बोलत असतं.' त्यावर ती उठली.

"का उठलीस?"

"नियम आहे. पेशंट ओळखीचा निघाला की उठून बाहेर जायचं. कारण सांगायचं नसतं. सांगावं लागतही नाही, उठलं की सगळ्यांना कळतं. आमच्यात काष्टीहून येणारी मी एकटी, आणि माझा नवरा काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. वाचता वाचता तो पोरगा थांबला. मॅडमनी मला दार ओढून घ्यायची खूण केली आणि त्याला म्हणाल्या, चालू ठेवा. सव्वा तास मी व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. सगळे बाहेर आले तेव्हा कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमनी फक्त खांद्यावर हात ठेवला."

म्हणजे अख्ख्या विभागानं ऐकलं. मॅडमनी ऐकलं, सिस्टरनं ऐकलं असेल, पहिल्या वर्षाच्या पोरींनीही ऐकलं. जिला ऐकवायचं होतं ती तेवढी टाकीपाशी उभी होती. मला आधी तिचा राग आला. मग माझ्या मूर्खपणामुळे तिला ज्या खोलीतून उठावं लागलं त्या खोलीत तिला अजून तीन वर्षं बसायचंय, हे लक्षात आलं आणि कान गरम झाले. मी सॉरी म्हणालो. ते तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

"तुम्ही काय सांगितलंत त्याला?" तिनं विचारलं. तिनं पर्स खाली ठेवली, मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून बसली. दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच. ती दुसरं काही करत नव्हती. "मला विचारून कळणार नाही, वाचता येणार नाही. ती फाईल माझ्यासाठी बंद झाली. तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "ती गाय मेली ना."

"कुठली गाय?"

"म्हातारीची. वस्तीवरची. फेब्रुवारीत. वासराची मान वळलेली होती. डोकं पुढे आलं नाही, गर्भाशय फाटलं. गाय गेली."

ती वाट बघत राहिली. मीही वाट बघत राहिलो, पुढचं येईल म्हणून. काही आलं नाही. मी सरकारी रजिस्टरात भरतो तशी चार वाक्यं निघाली आणि संपली. फोन खिशात होता, ते मी सांगितलं नाही. शर्टाचं सांगितलं नाही. चहाचं तोंडाशी आलं, पण तो आता नुसता चहा राहिला होता. जे होतं ते सगळं मी चौथ्या दाराच्या आत ठेवून आलो होतो, आणि तिच्यासाठी उरलं ते असं.

"एवढंच?" ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"एवढंच."

"त्याच्याशी किती वेळ बोललात?"

"पाऊण तास. दुसऱ्यांदाही तेवढंच."

ती टेबलावरचा तो उलटा मोबाईल बोटानं फिरवत बसली. बाहेर शेजारच्या गच्चीवरून आईचा हसण्याचा आवाज आला. चहा केव्हाच गार झाला होता. मग तिनं मान वर न करता विचारलं, "रडलात?"

मी हो म्हणालो.

"माझ्यासमोर तुम्ही एकदाही रडला नाहीत," ती म्हणाली, "आणि त्याला तुम्ही दोनदाच भेटलात." तिचा आवाज कसा झाला होता ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन वर्षं रोज संध्याकाळी मी तोच आवाज माझ्या पोटात ऐकत आलो होतो.